नफ्याने देणी भागत नाहीत

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडे कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा काळ. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत सभा बोलावून भागधारकांपुढे हिशेब ठेवावा, असा कायद्याचा दंडक आहे. त्या सुमारास मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांतील असंख्य मध्यमवर्गीय घरांत कंपन्यांचे वार्षिक अहवाल येऊन दाखल होतात. पूर्वी ते टपालाने येत. आता बहुधा ई-मेलने येतात. वाचण्याची रीत मात्र फारशी पालटलेली दिसत नाही. अध्यक्षांच्या निवेदनावर एक नजर टाकावी, नफा गतवर्षीपेक्षा वाढला की घटला ते पाहावे, लाभांश किती जाहीर झाला याची खात्री करून घ्यावी आणि अहवाल मिटवावा, एवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. ज्या एका प्रश्नाच्या उत्तरावर भागधारकाचा लाभांश, ठेवीदाराची ठेव, कामगाराचा पगार आणि माल पुरविणाऱ्याचे बिल ही सारीच अवलंबून असतात, तो प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो. येत्या बारा महिन्यांत ज्यांची देणी द्यावयाची आहेत त्यांना ती वेळेवर देण्याइतकी सोय या कंपनीजवळ आहे काय, हा तो प्रश्न होय.

कंपनी तोट्यामुळे बुडते अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. तोटा सोसूनही काही कंपन्या वर्षानुवर्षे चालतात, आणि नफा दाखविणाऱ्या कंपन्यांचेही व्यवहार एकाएकी ठप्प होतात. बुडण्याचा क्षण येतो तो ठरल्या तारखेस द्यावयाचे पैसे हाती नसतात तेव्हा. नफा हा हिशेबनिसाने काढलेला निष्कर्ष असतो. माल उधारीवर विकला की पैसा हाती येण्यापूर्वीच तो विक्रीत, आणि म्हणून नफ्यातही, जमा धरला जातो. पगार, वीजबिल, कर आणि कर्जाचा हप्ता मात्र त्या कागदावरच्या नफ्याने भागत नाही. त्यासाठी रोकडच लागते. घर चालविणाऱ्या कोणालाही हे शिकवावे लागत नाही. गावाकडे वाडा असेल, शहरात राहती जागा असेल, दोहोंची किंमतही मोठी असेल. परंतु महिन्याचा किराणा, मुलांची फी आणि विम्याचा हप्ता वाड्याच्या भिंती विकून देता येत नाही. घरच्या व्यवहारात जो विवेक आपण रोज बाळगतो, तो कंपनीचा अहवाल हाती घेताच आपण बाजूस का ठेवावा, हे आम्हांस कळत नाही.

या प्रश्नाचे पहिले उत्तर ज्या साध्या भागाकाराने मिळते, त्यास चालू गुणोत्तर किंवा ‘करंट रेशो’ असे म्हणतात. ताळेबंदात मालमत्तेचे दोन वर्ग असतात. जमीन, इमारती, यंत्रसामग्री ही वर्षानुवर्षे वापरावयाची मालमत्ता एका वर्गात येते. हातची रोकड, बँकेतील शिल्लक, ग्राहकांकडून यावयाची येणी, कच्चा माल, अर्धवट तयार झालेला माल व विक्रीसाठी सिद्ध असलेला माल, म्हणजे साधारणतः बारा महिन्यांत, किंवा त्या धंद्याचा एक फेरा पुरा होण्याच्या आत, ज्यांचा पैसा होईल अशा वस्तू दुसऱ्या वर्गात येतात. ही चालू मालमत्ता. देण्यांचीही अशीच विभागणी असते. पुरवठादारांची बिले, बँकेचे अल्पमुदतीचे कर्ज, दीर्घ मुदतीच्या कर्जाचा याच वर्षी फेडावयाचा हप्ता, कर, आणि वर्षाच्या आत मुदत संपणाऱ्या ठेवी ही चालू देणी. चालू मालमत्तेस चालू देण्यांनी भागावे, की गुणोत्तर निघाले. मालमत्ता १५० कोटींची आणि देणी १०० कोटींची असली तर गुणोत्तर १.५, म्हणजे वर्षभरात द्यावयाच्या प्रत्येक रुपयापाठीमागे दीड रुपयाची सोय आहे. तेच ०.८ निघाले तर रुपयामागे वीस पैसे कोठून तरी नव्याने उभे करावे लागणार, हे उघड आहे. चौथीच्या मुलालाही जमेल असे हे गणित आहे.

या मापाचा इतिहास बँकांच्या कचेरीत सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बँका कर्ज मागणाऱ्या व्यापाऱ्याचा ताळेबंद तपासू लागल्या, तेव्हा त्यांनी ही कसोटी हाती घेतली, आणि रुपयास दोन रुपये, म्हणजे दोनास एक, हे प्रमाण चांगले असा संकेत पुढे रूढ झाला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये श्री. प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने हा विचार भारतीय परिस्थितीस लागू केला. समितीच्या दुसऱ्या पद्धतीचे सार असे की, धंद्याला लागणाऱ्या चालू मालमत्तेपैकी निदान चौथा हिस्सा कंपनीने आपल्या दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करावा. उरलेले तीन हिस्सेच बँका व पुरवठादार यांच्याकडून यावेत. शंभरास पंचाहत्तरने भागले की १.३३ येतात, आणि बँकांच्या कर्जविभागात हा आकडा पुढे अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. १९९७ साली रिझर्व्ह बँकेने या पद्धतीची सक्ती काढून घेतली. तरी कर्ज देताना या आकड्याकडे पाहण्याची बँकांची सवय सुटली नाही, आणि ती सुटू नये हेच बरे. यातील तत्त्व शहाणपणाचे आहे. धंद्यात मालकाचा स्वतःचा काही भार असावा. सारा डोलारा दुसऱ्यांच्या उधारीवर उभा नसावा.

परंतु येथेच एक इशारा देणे आवश्यक आहे. गुणोत्तर चांगले दिसले म्हणजे कंपनी सुरक्षित आहे, असे मानणारा मनुष्य ते मुळीच न पाहणाऱ्यापेक्षा अधिक धोक्यात असतो; कारण दुसऱ्याजवळ निदान शंका तरी शिल्लक असते. भागाकाराचा अंश कशाचा बनला आहे हे पाहिल्यावाचून उत्तराला अर्थ नाही.

आपल्या राज्यातील साखर कारखान्याचेच उदाहरण घ्या. कारखाना सहकारी असो वा खाजगी, गळिताचा हंगाम हिवाळ्यात चालतो आणि ३१ मार्चला गोदामे साखरेने भरलेली असतात. ताळेबंदात ही साखर चालू मालमत्ता म्हणून दिसते आणि गुणोत्तरास चांगलाच आधार देते. ऊस घातलेल्या शेतकऱ्याची रक्कम देण्यांच्या बाजूस असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ती ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत द्यावयाची आहे, आणि विलंब झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यावयाचे आहे. म्हणजे देणे चौदा दिवसांचे आणि मालमत्ता मात्र वर्षभर हळूहळू विकावयाची. शिवाय ती कारखान्याच्या मर्जीनुसार विकताही येत नाही. जून २०१८ पासून केंद्र सरकारने कारखान्यांना विक्रीचा मासिक कोटा पुन्हा ठरवून देण्यास आरंभ केला, आणि किमान विक्रीदर किलोस प्रथम २९ रुपये व फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये असा बांधून दिला. पोत्यांवर बँकेचे मालतारण कर्ज असले तर विकलेल्या पोत्याच्या पैशावर पहिला हक्क बँकेचा. २०१८-१९ च्या हंगामात उसाची बिले थकली आणि शेतकऱ्यांना पुण्याच्या साखर आयुक्तालयावर मोर्चा न्यावा लागला, तेव्हा गोदामे रिकामी नव्हती. ती भरलेली होती. मालमत्ता होती, पण ज्या दिवशी पैसा हवा त्या दिवशी तिचा पैसा होत नव्हता. म्हणूनच जाणकार मालाचा साठा वगळून दुसरे एक, अधिक कडक गुणोत्तर काढतात. ‘क्विक रेशो’ म्हणून ते ओळखले जाते. दोन्ही आकड्यांमध्ये मोठी तफावत असेल तर कंपनीची सारी भिस्त गोदामावर आहे, एवढे तरी निश्चित समजावे.

येण्यांची कथा याहून सूक्ष्म आहे. भोसरीच्या किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा लहान कारखानदार मोठ्या कंपनीस सुटे भाग पुरवितो. मोठ्या कंपनीने त्याचे बिल थकविले, तर त्या लहान कारखानदाराच्या ताळेबंदात काय दिसते? येणी वाढलेली दिसतात. आणि येणी ही चालू मालमत्ता असल्यामुळे त्याचे गुणोत्तर कागदावर उत्तमच दिसते. ज्या महिन्यात त्याला कामगारांच्या पगारासाठी सोने गहाण टाकावे लागते, त्याच महिन्यात त्याचे चालू गुणोत्तर त्याची प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला देत असते. हा आकड्याचा दोष नव्हे. आकडा कशाचा आहे हे न पाहणाऱ्याचा दोष आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो. तो पाळला जाईना, म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद केली की, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्याखेरीज खर्च म्हणून वजा मागता येणार नाही. कायद्याला असा दुसऱ्या दाराने प्रवेश करावा लागावा, यावरूनच थकबाकीचा रोग किती मुरलेला आहे हे ध्यानात येईल.

येणी व माल यांबाबत शंका घेता येते. पण रोकड आणि बँकेतील शिल्लक तरी निःसंशय मानावयास हरकत नाही ना, असे कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे स्मरण पुरेसे आहे. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास लिहिलेल्या पत्रात कबुली दिली की, ३० सप्टेंबर २००८ च्या हिशेबात रोख व बँक शिल्लक म्हणून दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. येणीही ४९० कोटींनी फुगविलेली होती आणि १,२३० कोटींचे एक देणे लपविलेले होते. म्हणजे भागाकाराचा अंश खोटा आणि छेदही खोटा. अशा हिशेबावरून काढलेले गुणोत्तर कितीही बिनचूक असले तरी त्याचा उपयोग शून्य. प्रामाणिक लेखापरीक्षणाची जागा कोणतेही सूत्र घेऊ शकत नाही.

खोटे न लिहिताही आकडा सजविता येतो, हे वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे. पुन्हा १५० व १०० चेच उदाहरण घेऊ. या कंपनीने ३० मार्च रोजी रोकडीतून ५० कोटींची बिले चुकती केली, तर मालमत्ता १०० व देणी ५० उरतात आणि गुणोत्तर दीडवरून एकदम दोनावर जाते. धंद्यात काहीच बदलले नाही. एक एप्रिलला नवी उधारी सुरू होऊन ते पुन्हा खाली येईल. आता दुबळ्या कंपनीकडे पाहा. तिची मालमत्ता ८० आणि देणी १०० आहेत. तिने ४० कोटींची देणी फेडली तर ४० व ६० उरून गुणोत्तर ०.८ वरून ०.६७ वर उतरते. उलट ५० कोटींचा माल उधारीवर आणून गोदामात टाकला तर १३० व १५० होऊन ते ०.८७ वर चढते. याचा अर्थ असा की, ज्याची स्थिती चांगली आहे त्याला वर्षाअखेर देणी फेडून गुणोत्तर वाढविता येते, आणि ज्याची स्थिती वाईट आहे त्याला देणी न फेडून, नवी उधारी करून, ते वाढविता येते. एकट्या ३१ मार्चच्या आकड्यावर विसंबू नये म्हणून आम्ही सांगतो ते याकरिता.

याच्या उलट, एकापेक्षा कमी गुणोत्तर हे नेहमीच संकटाचे चिन्ह असते असेही नव्हे. जी कंपनी आपला माल रोज रोखीने विकते आणि पुरवठादारांना महिन्याभराने पैसे देते, तिच्या हाती दुसऱ्याचा पैसा सतत खेळत असतो. तिला मोठ्या राखीव साठ्याची गरज पडत नाही. वृत्तपत्राचा व्यवसायही यातून समजून घेता येईल. वर्गणीदार वर्षाची वर्गणी आगाऊ भरतो. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने ते वृत्तपत्राचे चालू देणे असते. परंतु ते पैशाने नव्हे, रोज सकाळी अंक पोहोचवून फिटते. अशी देणी छेदात मोठी असली तर गुणोत्तर कमी दिसते, पण भिण्याचे कारण नसते. मात्र एका अटीवर: अंक निघत राहिला पाहिजे. तो ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी सेवेने फिटणारे देणे तत्क्षणी रोख देणे बनते. विमान कंपन्यांची नेमकी हीच गोष्ट आहे. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली, तेव्हा आगाऊ तिकिटे काढलेले प्रवासी एका रात्रीत धनको झाले. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार आधीच थकलेले होते. पुढे पुनरुज्जीवनाचे प्रयत्न फसले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विसर्जनाचा आदेश दिला. कमी गुणोत्तर हे सतत फिरणाऱ्या चाकावर तोल सांभाळण्यासारखे आहे. चाक फिरते आहे तोवर ठीक. कर्जाचा बोजा जड असेल आणि चाक अडखळले, तर सावरण्यास अवधी मिळत नाही.

मुदतीची ही विसंगती किती मोठ्या संस्थेस खाली आणू शकते, हे सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईनेच पाहिले. आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेचा पैसा रस्ते, बोगदे, वीजप्रकल्प अशा वीस-वीस वर्षांनी परत येणाऱ्या कामांत गुंतलेला होता, आणि त्यासाठी घेतलेल्या कर्जाचा मोठा भाग काही महिन्यांत फेडावयाचा होता. समूहावरील कर्ज ९० हजार कोटींहून अधिक होते. मानांकन संस्थांनी तिला काही आठवड्यांपूर्वीपर्यंत उच्च श्रेणी दिली होती. अल्पमुदतीचे हप्ते चुकू लागताच ती श्रेणी थेट तळाला गेली आणि १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्र सरकारने तिचे संचालक मंडळ बदलून घेतले. वित्तसंस्थांच्या ताळेबंदात चालू व दीर्घ अशी विभागणी नसते. त्यांचे गुणोत्तर या पद्धतीने काढता येत नाही, तर मुदतवार तक्ता पाहावा लागतो. पण प्रश्न तोच होता. एका वर्षात द्यावयाचे ते एका वर्षात येणार आहे काय? ज्या कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे त्या समूहाच्या रोख्यांत अडकले, त्यांच्या वतीने हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. हे गुणोत्तर शोधण्यासाठी वाचकांना आता स्वतः बेरजा कराव्या लागत नाहीत. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मार्च २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, वित्तसंस्था सोडून इतर कंपन्यांनी ताळेबंदाच्या टिपांमध्ये चालू गुणोत्तर छापले पाहिजे. अंश व छेद कशाचे बनले ते सांगितले पाहिजे. आणि गतवर्षीपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक फरक पडला असेल तर त्याचे कारण दिले पाहिजे. त्याच दुरुस्तीने येणी व देणी किती जुनी आहेत याचे तक्तेही सक्तीचे केले. सहा महिन्यांच्या आतील येणी किती, तीन वर्षांहून जुनी किती, लघुउद्योगांची थकलेली बिले किती, हे सारे आता एका पानावर सापडते. कायद्याने दिवा लावून ठेवला आहे. त्या उजेडात पाहण्याचे काम भागधारकाचे आहे.

ते कसे पाहावे, हे थोडक्यात सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. प्रथम एका वर्षाचे नव्हे, निदान तीन-चार वर्षांचे गुणोत्तर ओळीने मांडावे. आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक बोलकी असते. मग ते त्याच धंद्यातील दुसऱ्या कंपनीशी ताडून पाहावे. साखरेची तुलना सिमेंटशी करू नये. नंतर चालू मालमत्तेत रोकड किती, येणी किती आणि माल किती हे पाहावे, आणि येण्यांच्या तक्त्यातील जुनी रक्कम मनातल्या मनात वजा करावी. शेवटी रोखप्रवाहाचे विवरण उघडून, नफा दाखविणाऱ्या कंपनीच्या हाती व्यवसायातून खरोखर पैसा आला की गेला, हे पाहावे. विक्री वाढते आहे, नफा वाढतो आहे, गुणोत्तरही बरे आहे, पण व्यवसायातून येणारी रोकड वर्षामागून वर्षे उणी आहे, असे दिसले तर सावध झालेच पाहिजे. या साऱ्यास अर्धा तास पुरतो. भाजीच्या जुडीसाठी आपण याहून अधिक घासाघीस करतो.

हे काम तज्ज्ञांचे आहे, सामान्य माणसाने त्यात का पडावे, असा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तज्ज्ञांविषयी आमच्या मनात अनादर नाही. परंतु वर दिलेल्या उदाहरणांत लेखापरीक्षक होते, मानांकन संस्था होत्या, बँकांचे अधिकारी होते आणि नामवंत संचालकही होते. त्यांचे ज्ञान कमी पडले असे नव्हे. नुकसान त्यांचे स्वतःचे व्हावयाचे नव्हते, एवढेच. ज्याचा पैसा जाणार त्याने डोळे उघडे ठेवावेत, यास पर्याय नाही.

सर्वांत अधिक चिंता आम्हांस वाटते ती ठेवीदारांची. निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम बँकेपेक्षा एक-दोन टक्के अधिक व्याजाच्या आशेने कंपनीच्या मुदत ठेवीत ठेवणारी कुटुंबे आपल्या शहरांत आजही पुष्कळ आहेत. बँकेतील ठेवीस पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. कंपनीच्या ठेवीस ते नाही. कंपनी कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे, पुढील वर्षात मुदत संपणाऱ्या ठेवींच्या निदान २० टक्के रक्कम कंपनीने ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात ठेवावयाची असते. उरलेल्या ८० टक्क्यांची हमी कोणती? दुसरी कोणतीही नाही. कंपनीची चालू मालमत्ता आणि तिचा वेळेवर होणारा पैसा, हीच ती हमी. म्हणजे ज्या आकड्याकडे ठेवीदार पाहत नाही, त्याच आकड्यावर त्याच्या म्हातारपणाची भाकरी टांगलेली असते.

यास्तव आमच्या दोन सूचना आहेत. ठेवी मागण्यासाठी कंपन्या वृत्तपत्रांत ज्या जाहिराती देतात त्यांत व्याजाचा दर ठळक अक्षरांत असतो आणि आर्थिक स्थितीचा तपशील डोळे ताणून वाचावा लागतो. गेल्या तीन वर्षांचे चालू गुणोत्तर, आणि मालाचा साठा वगळून येणारे गुणोत्तर, व्याजदराच्या शेजारी, त्याच आकाराच्या टाइपात छापण्याची सक्ती सरकारने करावी. वृत्तपत्रांना यामुळे काही जाहिराती कमी मिळतील. त्या मिळू नयेतच. दुसरी सूचना अशी की, केवळ ३१ मार्चचा आकडा न देता चारही तिमाहींच्या अखेरचे आकडे व त्यांची सरासरी वार्षिक अहवालात द्यावी. एका दिवसापुरता ताळेबंद सजविणे सोपे असते. वर्षातून चार वेळा ती सजावट उभी करणे खर्चाचे व कठीण होईल. कंपन्यांजवळ हे आकडे असतातच. ते छापण्यास फारसा खर्च येणार नाही.

भागधारकांनाही एक विनंती आहे. सभा आता पुष्कळदा दूरदृश्य पद्धतीने होतात. आधी नाव नोंदवून घरबसल्या प्रश्न विचारता येतो. त्या संधीचा उपयोग अध्यक्षांचे अभिनंदन करण्यासाठी किंवा बोनस शेअर मागण्यासाठीच पुष्कळदा केला जातो. त्याऐवजी यंदा प्रत्येक सभेत निदान एका भागधारकाने उठून विचारावे: आपले चालू गुणोत्तर गतवर्षीपेक्षा का बदलले, जुनी येणी केव्हा वसूल होणार, आणि लघुउद्योगांची बिले किती दिवसांत दिली जातात? ज्या संचालकांजवळ या प्रश्नांची सरळ उत्तरे असतील, त्यांच्या कंपनीत पैसा निर्धास्तपणे ठेवावा. ज्यांना उत्तर देताना शब्दांचा आश्रय घ्यावा लागेल, त्यांच्या नफ्याचे आकडे कितीही डोळे दिपविणारे असोत, तेथून आपली पुंजी काढून घ्यावी, हेच शहाणपणाचे ठरेल.